एक डोळा ठेवा

मी खाणकरी झालो तो इंग्रजी कच्चं असल्यामुळे.

ऑनलाइन खेळ होता. तलवारी, ड्रॅगन, किल्ले, जादू, आणि जगभरातले लोक एकाच वेळी एकमेकांच्या जिवावर उठलेले. खेळात शिरताना आपण कोण होणार ते आधी निवडावं लागतं. योद्धा, तिरंदाज, जादूगार, वैद्य अशी चित्रं ओळीने उभी होती आणि अगदी टोकाला, डोक्यावर दिवा लावलेला एक बुटका इसम. हातात कुदळ. खाली लिहिलं होतं, मायनर. मायनर ऑपरेशन, मेजर ऑपरेशन असतं ना, मला वाटलं तसलंच काहीतरी. नवशिक्यांची सोय. आधी मायनर व्हायचं, हात बसला की मेजर. चाळिशी उलटलेल्या माणसाने एवढी सावधगिरी बाळगलेली बरी, म्हणून मी त्या बुटक्यावर क्लिक केलं आणि पुढे कित्येक आठवडे दगड फोडत मेजर होण्याची वाट बघत बसलो.

शेवटी न राहवून एके दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मेजर कधी करतात?"

पलीकडे जो हशा उठला त्यात एक आवाज मराठी होता. हसून झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही कुठले?" मी म्हटलं नाशिक. तो मालेगावचा निघाला. घरचे यंत्रमाग, हा वैद्य. म्हणजे खेळात वैद्य, एरवी दिवसभर मागांवर. त्याच्या माईकमधून सतत खटाखट खटाखट ऐकू यायचं आणि ते थांबलं की आम्ही समजायचो, मालेगावची वीज गेली, आता वैद्यबुवा इन्व्हर्टरच्या जोरावर जेमतेम तग धरणार. त्याने मला समजावलं की मायनर म्हणजे खाणकामगार. चूक झालीय, आता बदलायचं असेल तर बदलता येतं.

आणि मला बदलावंसं वाटेना.

हे घरी पटवून देणं सगळ्यात अवघड गेलं. बायको एकदा चहा ठेवायला आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, लोक तिथे जाऊन राजे होतात. तुम्ही तिथेही हमालीच करता?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्याइतकी हिंमत नव्हती. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. माझ्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस घाईत असतो, प्रत्येकाला त्याची वस्तू आत्ता हवी असते, आणि ती नसली की ती मीच गिळली अशा नजरेने तो माझ्याकडे बघतो. दगडाला घाई नसते. डोंगरात जायचं, दगडातली तांब्याची शीर शोधायची, कुदळ मारायची. ठण्ण असा आवाज येतो. चुकीच्या जागी मारली तर ठप्प येतो. ठण्ण आणि ठप्प यातला फरक मला कळायला लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला गेलो तर ऑफिसातला शेजारी म्हणाला, "बीपी चेक करून घे."

एप्रिलमध्ये नाना आमच्याकडे आले. नाना म्हणजे वडील. दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग, ती नाना आणि थोरला भाऊ बघतात. माल निघून गेला होता, छाटणी तोंडावर होती, त्या मधल्या दिवसांत नानांचा मोतीबिंदू उरकून घ्यायचा असं ठरलं. ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, दिवसातून अनेक वेळा थेंब. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि बागेत तर जायचंच नाही. ज्या माणसाला दुपारी पडल्या पडल्यासुद्धा पंप चालू आहे की नाही ते आवाजावरून कळतं, त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर बसवून ठेवलं होतं. ते वैतागून माझ्या खोलीत येऊन बसायला लागले.

"काय करतोय?"

"खाणीत काम करतोय, नाना."

"पगार?"

"पगार नसतो."

"मंग मालक कोन हाय?"

"कोणी नाही."

नानांनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "पगार नाय, मालक नाय. मंग ही शेतीच झाली की."

त्यानंतर ते रोज यायला लागले. उघड्या डोळ्याने स्क्रीनकडे, झाकलेल्या डोळ्याने बहुधा बागेकडे. एक दिवस मी चांदीची एक शीर फोडत होतो. शेवटचा घाव घालणार तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "आरं थांब, थांब! सगळंच वरबाडतो का? एक डोळा ठेव की!"

इथे थोडं सांगायला हवं. द्राक्षाच्या काडीवर प्रत्येक पेराला एक फुगीर ठिपका असतो, त्याला आमच्याकडे डोळा म्हणतात. नवी फूट त्यातूनच निघते. एप्रिलच्या छाटणीत काडी मागे कापत आणतात, पण बुडाशी एक डोळा ठेवून. कॉलेजच्या सुट्टीत मला पहिल्यांदा कात्री दिली तेव्हा हे मला सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं, फक्त मी विचारात होतो. मला वाटलं छाटणी म्हणजे स्वच्छता. एक अख्खी ओळ मी अशी गुळगुळीत कापली की वेलीवर बोट फिरवावं आणि काही लागू नये. नाना बांधावरून चालत आले, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि भावाला म्हणाले, "ह्यानं वेलीची हजामत केली. ह्याला कागदावर बसवा, काडीपाशी आनू नका." मी नाशिक शहरात राहतो त्याचं कारण एवढंच आहे.

तर नाना म्हणाले म्हणून चांदीच्या शिरेवर एक घाव शिल्लक ठेवला. त्यांचं मन राखायला. दुसऱ्या दिवशी गेलो तर शीर पुन्हा भरलेली! आतापर्यंत मी प्रत्येक शीर पूर्ण संपवायचो, ती नाहीशी व्हायची आणि मी डोंगरभर नवी शोधत फिरायचो. मला वाटायचं खाणकाम म्हणजे मुख्यतः भटकंतीच.

हा शोध मी मोठ्या तोऱ्यात आमच्या टोळीला सांगितला. टोळी म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट. ते लोक गिल्ड म्हणतात, मला टोळीच बरं वाटतं. म्होरक्या पुण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या निम्म्या वयाचा आणि खेळतानासुद्धा मीटिंगमध्ये बसल्यासारखा बोलणारा.

"काका," तो म्हणाला, "हे हेल्पच्या पहिल्याच पानावर लिहिलंय."

असेल. मी सूचना वाचत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या तोंडात तो शब्द बसला. तांब्यावर एक डोळा ठेवला, लोखंडावर एक डोळा ठेवला. नाना मान डोलवायचे. घरात दोघांना कळणारी भाषा बाहेर कोणाला कळते की नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही. बागेत एक ओळ घालवली होती, त्यावरून शहाणा व्हायला हवा होतो. झालो नाही.

मे जवळ आला तशी खेळात मोठी लढाई जाहीर झाली. टोळ्या विरुद्ध टोळ्या. म्होरक्याने सगळ्यांना बोलावून घेतलं.

"काका, प्रॅक्टिकल बोलूया. आपल्याला आता हिशोबात फक्त लढणारी माणसं हवीत. खाणकरी ठेवणं परवडत नाही. धातू काय, बाजारात मिळतो."

"बाजारात कोण आणून टाकतं?" मी विचारलं.

"कोणीतरी टाकतंच ना, काका."

त्याने मला एक खडा पाठवून दिला. जादूचा खडा. तो वापरला की माणूस योद्धा होतो आणि आधीचं शिकलेलं सगळं पुसलं जातं. ठण्ण, ठप्प, सगळं. मुदत रविवार संध्याकाळपर्यंत. पण त्याआधी, रविवारीच, एक शेवटचं काम होतं. ड्रॅगनच्या गुहेत वाटेवर स्फटिकाचा एक जाडजूड खांब उभा होता. तो फोडून वाट करायची आणि हे खाणकऱ्याशिवाय जमत नाही. म्हणजे घर सोडून जा, पण जाता जाता पाणी भरून जा.

वैद्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, काय ठरवलं?" मागे खटाखट चालूच.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. ही टोळी म्हणजे माझी बाहेरची एकुलती एक मित्रमंडळी. कारखान्यात मी खिडकीमागचा माणूस, सोसायटीत पार्किंगवरून भांडणारा माणूस. इथे रोज संध्याकाळी कोणीतरी "काका आले" म्हणायचं. ते सोडायचं, की आयुष्यात पहिल्यांदा ज्या कामावर माझा हात बसला ते काम सोडायचं? जे हातात दिलं ते मी आजवर बिघडवत आलो. फक्त हे बिघडलं नव्हतं.

रविवारी सकाळी आमच्याकडे मिसळ खायला बाहेर जायची पद्धत आहे. मी म्हटलं, आज पार्सल आणा. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की त्यापुढे ड्रॅगन म्हणजे काहीच नाही. दुपारी ऊन मी म्हणत होतं, कूलर भणभणत होता, नाना शेजारच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते आणि आम्ही गुहेत शिरलो.

खांब सुंदर होता. आतून निळा उजेड. मला बघताच कळलं की वरचं छत त्याच्यावरच टेकलेलं आहे. त्याच्या कडेने फोडत जायचं, माणूस जाईल एवढी वाट झाली की थांबायचं, शेवटचा गाभा तसाच ठेवायचा. मी काम सुरू केलं. ठण्ण. ठण्ण.

"काका, तुम्ही एकटे किती वेळ लावणार?" म्होरक्या म्हणाला. "सगळे मारू."

तलवारीने खांब फुटतो, फक्त वेडावाकडा. मी माईकमध्ये ओरडलो, "मारा, पण एक डोळा ठेवा! काही झालं तरी एक डोळा ठेवा!"

"बरोबर!" म्होरक्या गरजला. "ऐकलं ना सगळ्यांनी? एक डोळा ठेवा!"

आणि त्याने ताबडतोब एका तिरंदाजाला गुहेच्या तोंडाशी पाठवलं. तो बाण ताणून बाहेर बघत उभा राहिला. बाकीचे योद्धे खांबावर तुटून पडले. मला वाटलं, काय समजूतदार पोरं आहेत. एका शब्दात कळलं. डोळे भरून आले हो माझे.

खांब संपला. गाभ्यासकट, बुडासकट. माझ्या ओळीसारखा गुळगुळीत.

मग छत आलं.

स्क्रीन काळी. फक्त मालेगावहून खटाखट, खटाखट.

"भाऊ," वैद्याचा आवाज आला, "आपण मेलो काय?"

"मेलो."

"सगळे?"

तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी उभा असलेला तिरंदाज म्हणाला, "इकडे सगळं क्लिअर आहे. कोणी आलं नाही."

खेळात मेलेला माणूस पुन्हा उभा राहतो, पण अंगावरचं सामान मेला तिथेच पडतं. सगळ्यांची चिलखतं, ढाली, तलवारी त्या ढिगाऱ्याखाली गेल्या. म्होरक्याचं सोन्याचं शिरस्त्राण गेलं. ते त्याने फार खटपटीने मिळवलं होतं आणि दर वेळी आम्हाला त्याची गोष्ट सांगायचा.

"काका, तुम्हीच म्हणालात डोळा ठेवा! ठेवला होता ना डोळा!"

"अरे तो डोळा नव्हे! वेलीचा डोळा!"

"कसली वेल? गुहेत वेल कुठून आली?"

मी समजावून सांगायला लागलो. काडी, पेर, फूट, छाटणी. जितकं सांगत गेलो तितकं ते मलाच वेड्यासारखं वाटायला लागलं. तेवढ्यात नानांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून आपल्या डोक्यावर चढवला. पट्टी, काळा चष्मा, टोपी आणि त्यावर हेडफोन.

"ए बाबा, तुझ्याकडं येल हाय का?"

म्होरक्याचा आवाज हेडफोनबाहेर मलाही ऐकू आला. "आजोबा, मी फ्लॅटमध्ये राहतो."

"मनी प्लांट तरी असंल?"

"...आहे."

"त्याला फूट कुठनं येती?"

"आजोबा, मी बघून सांगतो. प्लीज काकांना द्या."

नानांनी हेडफोन काढला, वायर मुठीत धरून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "पोरगं वाईट नाय. घाई लय."

म्होरक्याने आवाज गंभीर केला. "काका, आता शेवटचं. तो खडा आत्ता, या क्षणी वापरा. योद्धा व्हा, झालं गेलं विसरू. नाहीतर टोळी सोडावी लागेल."

स्क्रीनवर चौकट उघडली. हो, नाही. नाना विचारत होते, "ह्यानं काय व्हतं?" मी म्हटलं, "खाणकाम पुसलं जातं. मुळापासून." ते म्हणाले, "म्हंजी सगळे डोळे छाटायचे." हो कर म्हणाले नाहीत, नाही कर म्हणाले नाहीत.

मग मी उभा राहिलो. आयुष्यात मी कधी कोणाला ठणकावलेलं नाही. कारखान्यात नाही, सोसायटीत नाही, घरी तर विचारूच नका. त्या दिवशी ठणकावलं.

"ऐक," मी म्हटलं. "तुझ्या हातात जी तलवार होती तिचं लोखंड मी काढलंय. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या चिलखताचा धातू मी काढलाय, डोंगरात एकटं जाऊन, लांडगे अंगावर येत असताना, आणि मी पळतोय कसा ते बघून तुम्ही हसलात. हसा. मी हसण्यासारखाच पळतो. पण मला कोणाला मारायचं नाही. तू म्हणतोस हिशोबात लढणारे हवेत. तुझ्या हिशोबात न बसणारी माणसंच सगळीकडे माल उतरवून घेतात आणि तुम्ही खिडकीशी येऊन म्हणता, लवकर द्या. नाही देणार लवकर. दगड फुटायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. चूक माझी झाली, शब्द माझा चुकला, मी चुकणाराच माणूस आहे. पण चुकून चुकून मला एक गोष्ट येते, आणि ती मी तुझ्या एका खड्यासाठी पुसून टाकणार नाही. मी मायनर आहे. मला मेजर व्हायचं नाही!"

मला माझाच अभिमान वाटला.

"काका?" म्होरक्याचा आवाज आला. "हॅलो? काका, काही ऐकू येत नाहीये. गेले वाटतं."

दारात बायको उभी होती, हातात नानांच्या डोळ्याच्या थेंबांची बाटली. ती म्हणाली, "अहो, तो दिवा लाल आहे."

वायरवर माईक बंद करायचं एक छोटं बटण असतं. नानांनी वायर मुठीत धरली तेव्हा ते दाबलं गेलं होतं.

मी बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. आता पुन्हा सगळं बोलायचं तर त्यातलं एक वाक्य आठवेना.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही, काका?"

"योद्धा नाही होणार."

"मग टोळीत नाही ठेवता येणार."

"बरं."

चौकटीतल्या 'नाही'वर क्लिक केलं. पुढच्या क्षणी सगळ्यांची हिरवी नावं राखाडी झाली. खटाखट बंद झाली, ती या वेळी विजेमुळे नव्हे. मी खुर्चीत बसलो.

"एवढं मोठं बोललात," बायको म्हणाली, "आणि त्याला फक्त बरं?"

"तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. शेवटी जरा लांबलं." मग नानांकडे वळून, "नाना, वर बघा." आणि पट्टी उचलून थेंब टाकता टाकता, माझ्याकडे न बघता, "कपाटावर जुनी उशी आहे, ती घ्या पाठीशी. कुदळ मारताना वाकून बसता."

नाना पट्टी निघाल्यावर गावी गेले, थेट छाटणीला. भावाचा फोन आला की गाडीतून उतरल्या उतरल्या कात्री मागितली. मी इकडे एकटाच राहिलो. संध्याकाळी "काका आले" म्हणायला कोणी नाही, हे पहिले काही दिवस बरंच लागलं. खोटं कशाला बोलू. पण खडा विकून टाकला आणि त्याच्या बदल्यात नवी कुदळ घेतली.

आणि गेलो त्याच गुहेत. ढिगारा तसाच पडलेला. टोळीने नाद सोडून दिला होता. योद्ध्यांना ढिगारा उपसता येत नाही. मी एका कडेने सुरुवात केली. मोठ्या लढाईत ते लोक लढत होते, मी दगड हलवत होतो. शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात. त्या शुक्रवारी कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. वैद्य. मागे खटाखट नाही म्हणून ओळखलाच नाही आधी.

"टोळीतून काढलं काय तुम्हाला?"

"नाही भाऊ. आज सुट्टी. म्हटलं बघून येऊ." आणि लांडगा अंगावर आला तेव्हा त्याने माझी जखम बांधली. मग विचारलं, "ते डोळ्याचं काय होतं, मला सांगा ना नीट." सांगितलं. तो म्हणाला, "आमच्यात धागा तुटला तर गाठ मारायला शेंडा सोडतात, तसं." मी म्हटलं, तसंच.

आता तो दर शुक्रवारी येतो.

परवा ढिगाऱ्यात काहीतरी पिवळं चमकलं. म्होरक्याचं शिरस्त्राण. भोवतीचे दगड काढले, शेवटचा एक घाव उरला. नेमका तेव्हाच त्याचा संदेश आला. टोळी लढाईत हरली होती म्हणे, तलवारी बोथट झाल्या, बाजारात लोखंड नाही.

"काका, कसे आहात? माझं शिरस्त्राण दिसलं का हो कुठे?"

मी लिहिलं, "दिसलं. एक डोळा ठेवलाय."

लगेच उत्तर आलं. "थँक्स काका! असंच लक्ष असू द्या, कोणी नेऊ नये!"

मी थोडा वेळ हसलो. बायकोला वाचून दाखवलं, तीही हसली. मग लिहिलं, "लक्ष नाही ठेवलंय. घाव ठेवलाय. तो मी घालणार नाही. तलवार घरी ठेव आणि कुदळ घेऊन ये. हात कसा धरायचा ते मी दाखवीन."

उत्तर अजून आलेलं नाही. मनी प्लांट बघत बसला असेल.